सगळ्यांची वैनी

माझ्या आईला मी वैनी म्हणत होते. लहानपणी म्हणत होते आणि ती गेली तोवर तेच म्हणाले. ऐकणाऱ्याला वाटतं, सावत्र असेल. सावत्र नव्हती. तिच्याच पोटची मी, तिच्यासारखीच काळी आणि तिच्यासारखीच तोंडाची फटकळ. पण आमच्या घरात तिला दुसरी हाक मारणारं कुणी नव्हतं. सासू-सासरे कधीच गेले होते. काका, म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ, तिला वैनी म्हणायचा. काकाची दोन पोरं काकाचं ऐकून वैनी म्हणायची. दूध मागायला येणारी शेजारीण, गल्लीतला न्हावी, भांडी विकायला येणारा, सगळे वैनी. लेकराच्या कानात जे पडतं तेच तोंडातून निघतं. बापालाही मी दादा म्हणायचे, कारण काका दादा म्हणायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बापाला काहीही म्हणा, चालतं.

माय म्हणायचे मी काकूला. तिची पोरं म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. तिला अगं-तुगं करायचे, तिच्या पदराला नाक पुसायचे, तिच्या पाठीवर पडून मागायचे. वैनीला मात्र तुमी. 'वैनी, तुमी आलात का', 'वैनी, तुमी जेवा'. घरी पाहुणी आल्यासारखं.

हे सगळं आठवायला कारण माझी सून. ती झरीकडच्या एका शाळेत शिकवते. आम्ही आता परभणीत राहतो. सकाळी ती एस.टी. धरते ती दिवे लागायच्या वेळी येते. नात, ओवी, दिवसभर माझ्यापाशी. फोनवर लोक सुनेला मॅडम म्हणतात, शेजारी मॅडम म्हणतात, दूधवालासुद्धा मॅडम म्हणतो. तर ही चार वर्षांची कार्टीही तिला मॅडम म्हणायला लागली. मागच्या महिन्यात सून ओट्यापाशी उभी राहून रडत होती. मी म्हटलं, रड, पण भात लागायलाय तो आधी उतरव. मग बसवून तिला वैनीचं सांगितलं. ती म्हणाली, आई, हे लिहून ठेवा. मी चौथी शिकलेली. अक्षर बरं आहे, फक्त बोटं दुखतात. म्हणून थोडं थोडं लिहिते.

आमचं गाव चारठाण्याच्या पलीकडं, माळावरचं. जमीन थोडी, ती काका बघायचा. खरं घर चालायचं मेंढरांवर. दिवाळी झाली की दादा आणि वैनी मेंढरं घेऊन खाली गंगेकडं उतरायचे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, आणि माझं नाव गोदा पडलं तेही तिच्यावरूनच. तिकडच्या काळ्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घ्यायचे, म्हणजे रात्रीची मेंढरं शेतात राहिली की लेंडीखत आपोआप पडतं, आणि त्याबदली ज्वारी मिळायची. पेरणीच्या तोंडावर मेंढरं परत माळावर. एका साली निघायच्या वेळीच मला गोवर निघाला. काकू म्हणाली, ठेवून जा, रस्त्यात पोर जाईल. वैनी ठेवून गेली. पुढच्या साली न्यायला बघितलं तर मी काकूचा पाय धरून असा टाहो फोडला की दादा म्हणाला, ऱ्हाऊ दे गं. मग ते राहूनच गेलं.

मला तिथं काही कमी नव्हतं, हे आधीच सांगते. माळवदाचं दोन खणांचं घर. पहाटे काकूच्या भाकरी थापायच्या आवाजानं जाग यायची. त्या आवाजावरून भाकरी किती मोठी आहे ते आम्ही पोरं अंथरुणातूनच ओळखायचो. ज्वारीची भाकरी शेळीच्या दुधात कुस्करून खायची. दुपारी येसराची आमटी, नाहीतर अंबाडीची भाजी, तिच्यावर करडईचं कच्चं तेल. काकू धपाटे करायची तेव्हा पहिला धपाटा मला मिळायचा, कारण मी जळकी कड खायची आणि तिची पोरं खायची नाहीत. माळावर पाळायला ठेवलेल्या दोन-चार शेळ्या संध्याकाळी घरी आल्या की कोठ्यातली करडं ओरडायला लागायची, आणि त्या गोंधळात काकू कुणाला तरी शिव्या देत असायची. आजही कुठं करडू ओरडलं की मला काकूच्या शिव्या ऐकू येतात. चांगल्या होत्या शिव्या.

मेंढरं परत यायची तेव्हा लांबूनच धूळ दिसायची. आम्ही पोरं 'वैनी आली, वैनी आली' म्हणून ओरडत वेशीपर्यंत पळायचो आणि ती जवळ आली की मी मागं फिरून काकूच्या मागं लपायचे. वैनीच्या अंगाला मेंढरांचा आणि धुराचा वास यायचा. ती खाली बसून हात पुढं करायची. हात कसले, खुरपी होती ती. 'ये की गं माज्याकडं.' मी जायची नाही. मग ती कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढायची. कधी रेवड्या, कधी लाल रिबीन, एकदा तर कासवाची वाळलेली पाठ. मी ते घ्यायचे आणि परत काकूच्या मागं. काकूलाच अवघडल्यासारखं व्हायचं. ती मला पुढं ढकलायची, 'जा की गं, तुजी माय हाय.' मी म्हणायचे, 'माय तू हायस. त्या वैनी हायेत.' एवढं बोलून झालं की दादा मोठ्यानं हसायचा, आणि वैनी उठून मेंढरांकडं जायची.

घरी आल्यावर तरी तिला वेळ असायचा असं नाही. लोकर कातरायची, खुरं बघायची, लंगडं मेंढरू सांभाळायचं, पेरणीला काकाच्या मागं तिफणीवर चालायचं. तिला जे यायचं ते सगळं घाईचं होतं. एकदा माझी वेणी घालायला बसली तर मेंढरू कातरताना धरतात तसं मला दोन्ही गुडघ्यांत धरलं. मी ओरडले. ती म्हणाली, 'हालू नको, कातरी लागंल.' हातात फणी होती. तिलाच हसू आलं. मला नाही आलं. मी काकूकडून वेणी परत घालून घेतली, आणि ते तिनं दारातून बघितलं.

त्या साली दिवाळी झाल्यावर तिनं सरळ सांगितलं, 'हिला नेते.' काका म्हणाला, शाळेत नाव घातलंय. ती म्हणाली, 'शाळा पळून जात न्हाई. पोरगी जायलीय.' काकू चुलीपाशी बसली होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, 'ने बाई, तुजीच हाय. पर हिला जळकी कड लागती, ध्यानात ठेव.' आणि फडक्यात धपाटे बांधून दिले. मी वेशीपर्यंत रडले, वेशीच्या पुढं रडले, आणि जिंतूरचा रस्ता ओलांडल्यावर कंटाळून गप्प झाले. सामान घोड्यावर होतं, त्या सामानावर मी. वैनी खालून चालायची आणि मधून मधून वर बघायची. मी दुसरीकडं बघायचे. 'गोदे,' म्हणून हाक मारली तरी मान वळवायची नाही. धपाटे मात्र खाल्ले.

पालमच्या बाजूला एका शेतात आमचा मुक्काम पडला. मेंढरांभोवती वाघूर लावायची, म्हणजे दोरीचं जाळं, खुंट्यांना ताणून. जाळ्याच्या बाहेर आमची चूल. वैनी मला बरोबर घेऊन आली खरी, पण दिवस वेताचे होते. रोज कुठली ना कुठली मेंढी व्यायची. वैनी पहाटेपासून कोकरांच्या मागं. मला भाकरी देऊन जायची, कड जाळायची आठवणीनं, इतकी की कधी कधी सगळी भाकरीच जळायची. दुपारी लांबून 'गोदे, सावलीत बस गं' ओरडायची. मी सावलीत बसून घर कुठल्या दिशेला असेल त्याचा विचार करायचे. जेवढी बोलायचे तेवढी तुमी लावून बोलायचे. दादा म्हणायचा, 'कलेक्टरची बाई आल्यावानी बोलायलीय पोरगी तुज्याशी.'

मग एक मेंढी व्याली. पहिलटकरीण होती आणि आपलं कोकरू घेईना. कोकरू आचळाला लागलं की लाथ. कोकरू पडायचं, उठायचं, परत जायचं, परत लाथ. वैनीनं कोकराच्या पाठीवर मीठ चोळलं, म्हणजे चाटायला तरी तोंड लावील. मेंढीला आखूड दोरीनं बांधलं आणि दोघांभोवती काट्यांचं एवढंसं कुंपण घातलं. मी बघत होते. मला राहवलं नाही.

'वैनी, हिला काहून कोंडलं?'

'एका जागी ऱ्हायले की घेतीय. वास बसतो अंगाला.'

'आन न्हाई घेतलं तर?'

'घेतीय. आधी उगं लाथा मारती.'

मी जरा विचार केला. मी मठ्ठ नव्हते. 'मंग मला बी तुमी तसंच कोंडलंय का हितं? मी कोकरू हाय का?'

वैनी मीठ झटकत माझ्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, 'लाथा कोन मारायलंय? तू मेंढी हायस, बाई. कोकरू मी हाय.'

एवढं बोलून ती पुढच्या मेंढीकडं गेली. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट मी मेंढी आहे आणि एवढी मोठी बाई कोकरू आहे, याची गंमत वाटली. दिवसभर मी त्या कुंपणापाशी बसून राहिले. मेंढीनं मीठ चाटलं, कोकरू आत घुसलं, तिनं लाथ मारली, पण आधीपेक्षा हळू मारली.

पालमचा आठवडी बाजार आला. वैनी दादाला म्हणाली, 'मी आन गोदी बाजाराला जातो. मेंढरं तुमी बगा.' दादा म्हणाला, 'ऐन वेतात? डोकं फिरलंय का?' ती म्हणाली, 'मेंढ्या मला विचारून व्यात न्हाईत. तुमच्या बी हायेत त्या.' आणि निघालो. तिनं माझं मनगट धरलं होतं, कोकराचा मागचा पाय धरतात तसं, घट्ट. वाटेत काही बोलायचं म्हणून ती म्हणाली, 'तुला बांगड्या भरू.' मी म्हणाले, 'तुमी म्हनाल तसं.'

बाजारात तिनं आधी खडेमीठ बघायला घेतलं. मीठ बघताना ती दोन्ही हातांनी बघायची, खडा फोडून जिभेला लावायची. तेवढ्यात माझं मनगट सुटलं. आणि मला समोर एस.टी. दिसली. लाल, धुळीनं माखलेली, दाराशी माणसं चढायलेली. एस.टी.नं माणूस घरी जातं एवढं मला माहीत होतं. कुठली एस.टी. कुठं जाते, हे माहीत नव्हतं. मी गर्दीतून तिच्याकडं निघाले. काकूकडं जायचं, संध्याकाळपर्यंत पोचायचं, असा माझा हिशेब. मी पोचेपर्यंत एस.टी. निघून गेली, धूळ तोंडावर आली, आणि मी मागं बघितलं तर मीठवाला कुठं आहे तेच कळेना. सगळीकडं धोतरं आणि लुगडी. तेव्हा मी रडले.

एक म्हातारा मणेर बांगड्यांची पेटी घेऊन बसला होता. त्यानं मला जवळ ओढलं. 'रो नक्को बेटी. तेरी अम्मा का नाम क्या?'

मला नाव माहीत नव्हतं. घरात कुणी कधी घेतलंच नव्हतं. काकू म्हणजे माय, ती घरी. बाजारात हरवली ती कोण, हे मला एकाच शब्दानं सांगता येत होतं.

'वैनी.'

'वैनी? नाम बोल ना उनका.'

'वैनीच म्हनत्यात.'

म्हातारा पेटीवर चढला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला, 'ओ वैनी! किस की वैनी है रे? बच्ची गुमगई तुमारी!'

अर्ध्या बाजारानं मान वळवली. मिरच्या घेणारी एक, मडकं वाजवून बघणारी एक, लुगड्याच्या दुकानातल्या चौघी. सगळ्याच कुणाच्या तरी वैनी. एक जण म्हणाली, 'मला हाक मारली का रं?' दुसरी म्हणाली, 'माजी पोरगी तर घरी हाय बाई, का इथं आली?' आणि घाबरून मला बघायला आली. एक पोरगेला गडी म्हणाला, 'चाचा, माजी बी एक वैनी हाय, पर लगीन परवाच झालंय, एवढी मोठी पोरगी कशी आसंल?' लोक हसायला लागले. मी जास्तच रडायला लागले. सात-आठ बायका माझ्याभोवती गोळा झाल्या आणि त्यांच्यात मला पाहिजे ती नव्हती. तोवर मला काकू पाहिजे होती. त्या बायका बघितल्यावर मला तीच वैनी पाहिजे होती, मेंढरांच्या वासाची.

मग आवाज आला. वैनी मेंढरांना बोलवायची तो. जीभ टाळूला लावून टर्रर्र करायची आणि शेवटाला लांब होऽऽ लावायची. प्रत्येक धनगराची हाक वेगळी असते आणि मेंढरं आपलीच ओळखतात. भर बाजारात ती बाई मेंढरांची हाक मारत फिरत होती. लोक बाजूला होत होते, त्यांना वाटलं कळपच घुसतोय. मी म्हाताऱ्याच्या हातातून सुटले आणि बायकांच्या पायांमधून, टोपल्यांवरून, डोकं खाली घालून पळाले. तिच्या पोटावर जाऊन आपटले. आणि वर बघून ओरडले, 'कुठं गेली होतीस गं वैनी? मला सोडून कुठं गेलतीस?'

तिनं मला मारलं. एक चापट, पाठीवर. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाली, 'मी कुठं जाईन? नावानं हाक मारली तर येत न्हाईस, म्हनून मेंढरांची मारली.' मणेरानं बांगड्या भरल्या, हिरव्या. तो वैनीला म्हणाला, 'बहन, बच्ची को नाम सिखाव अपना.' परत येताना तिनं मला नाव शिकवलं. 'ठकूबाई. म्हन.' मी म्हणाले. 'परत म्हन.' मुक्कामापर्यंत मी ते म्हणत आले. इतकं वाईट नाव असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलंही. 'वैनी, तुजं नाव लय वंगाळ हाय गं.' ती रस्त्यात थांबून हसली. डोक्यावरचं मीठ सांडायला आलं होतं.

संध्याकाळी चुलीपाशी ती दादाला सांगत होती. मी घोंगडीवर पडून ऐकत होते. बाजारात पोर हरवली होती, पेटीवर चढून माणूस ओरडला, हे तिनं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, 'मला गं म्हनली.' दादाला काही कळलं नाही. तो म्हणाला, 'कोन?' ती म्हणाली, 'खावा भाकरी.'

तो सगळा हंगाम मी तिच्याबरोबर हिंडले. कोकरांच्या पाठीला मीठ चोळायला शिकले, ती टर्रर्र हाकही शिकले, मेंढरं मात्र माझ्या हाकेला शेवटपर्यंत आली नाहीत. त्या कुंपणातल्या मेंढीनं कोकरू घेतलं. गं म्हणत होते, तू म्हणत होते, भांडतही होते. वैनी मात्र वैनीच राहिली. एकदोनदा तिनं म्हणून बघितलं, 'आता माय म्हन की.' मी म्हणून बघितलं, पण दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटलं, आणि तिनंही लगेच ओ दिली नाही. परत तो विषय निघाला नाही.

पेरणीआधी घरी आलो. काकू वेशीपर्यंत आली होती. मला वाटेत डोक्यात आलं होतं, की वैनीला बरं वाटावं म्हणून काहीतरी करावं. मी काकूजवळ गेले आणि शहाण्यासारखी म्हणाले, 'काकू, तुमी बऱ्या हायेत का?'

काकूचा हात माझ्या डोक्यावर यायला निघाला होता, तो मधेच राहिला. ती 'हाव, बरी हाय' म्हणाली आणि घराकडं वळली. वैनीनं मागून काठीचं टोक माझ्या पोटरीला मारलं. चांगलं लागलं.

'काकू कोन? माय म्हन तिला. मी वैनी हाय न्हवं?'

मी माय म्हणाले. काकू पाठमोरीच म्हणाली, 'चल, धपाटे केलेत. कड जाळलीय.' वैनी म्हणाली, 'मी बी शिकलेय जाळायला. आख्खी भाकरी जाळती मी.' दोघी हसत पुढं गेल्या आणि मी मागून लंगडत गेले.

त्यानंतर गावात कुणी विचारलं, 'गोदे, माय कुठं हाय गं तुजी?' तर मी त्यालाच विचारायचे, 'कोनती पायजे? माय का वैनी?' दोघींचा पत्ता मला माहीत असायचा.

हे सगळं मी सुनेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'पण आई, मॅडम म्हणते हो ती मला.' मी विचारलं, '"मॅडम, तुम्ही" म्हणते, का "मॅडम, तू"?' तिनं आठवून बघितलं. 'तू म्हणते.' मी म्हटलं, 'मग रडायलीस कशाला?'

काल संध्याकाळी ओवी उंबऱ्यात वाट्या मांडून शाळा खेळत होती. एका एका वाटीचं नाव घेऊन हजेरी घ्यायची, वाटीनं हजर म्हणायचं, म्हणजे तिच्या वतीनं मीच म्हणायचं. फाटक वाजलं. सून घामेजलेली, खांद्याला पिशवी. ओवीनं मान वर केली आणि वाट्यांच्या सुरातच ओरडली, 'मॅडम!'

सून फाटकातच थांबली. माझ्याकडं बघितलं. मी वाट्यांकडं बघत राहिले, मला वाटीचं काम होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, दोन्ही पाय जुळवले आणि म्हणाली,

'हजर.'